कमाल भाव आणि हातात पडणारी पट्टी

पत्र: ताई, नमस्कार. मी चांदवड तालुक्यातला कांदा उत्पादक. साडेचार एकर रान आहे. मुलगी यंदा बारावी सायन्सला आहे, गणित आणि बायोलॉजी दोन्ही घेतलंय. दहावीला ९१ टक्के होते. आमचे मेहुणे नाशिकला असतात. त्यांनी मोबाइलवर 'सर्वांत जास्त पगाराची करिअर' अशी यादी पाठवली. त्यात पायलट महिना ८ लाख, जहाजावरचा कॅप्टन महिना १० लाख, सर्जन महिना ५ लाख, आयटीत वर्षाला १ कोटी, सीए वर्षाला ३० लाख, डेप्युटी कलेक्टर महिना दीड लाख असं लिहिलंय. मेहुणे म्हणतात पायलट कर, मंडळी म्हणते डॉक्टर. मला यातलं काही कळत नाही. रस्त्याकडेचा एक एकर विकायची माझी तयारी आहे, पण पैसा वाया जायला नको. यातलं खरं किती आणि सगळ्यात जास्त कमाई कशात आहे ते स्पष्ट सांगा.

भाऊ, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना खाली कोपऱ्यात पेन्सिलीने, वेगळ्या अक्षरात लिहिलेली एक ओळ दिसली: "मला गणित आवडतं. रक्त बघवत नाही." ही ओळ तुम्हाला माहीत आहे, की पाकीट चिकटवायच्या आधी कुणी हळूच लिहिली, मला ठाऊक नाही. तिच्याकडे नंतर येते. आधी यादी.

यादीतला एकही आकडा खोटा नाही. एवढे पगार घेणारी माणसं आहेत. पण लासलगावचे भाव रोज छापून येतात तेव्हा तुम्ही ते कसे वाचता? किमान, कमाल आणि सरासरी. कमाल भाव एखाद्या पिकअपला मिळतो आणि दिवसभर पारावर चर्चा त्याचीच असते. तुम्ही मात्र हिशेब सरासरीवर धरता, आणि त्यातूनही हमाली, तोलाई, भाडं जाऊन जी पट्टी हातात पडते तिच्यावर सोसायटीचं कर्ज फेडता. मेहुण्यांच्या यादीत सगळे कमाल भाव आहेत. सरासरीचा रकाना नाही, पट्टीचा नाही, रोपाला आणि खताला किती घालावे लागतात तो नाही, आणि पीक किती वर्षांनी निघतं तोही नाही.

मी बँकेत बावीस वर्षं काढली, त्यातली शेवटची नऊ शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर. कर्ज मागायला येतानाचे चेहरे मी पाहिलेत आणि हप्ते थकल्यावरचेही. त्यामुळे पुढचं सगळं थोडं बँकेच्या चष्म्यातून येईल, ते समजून घ्या.

पायलटपासून सुरू करते, कारण तुमचा एकर त्याच्यावरच टांगलेला दिसतोय. व्यावसायिक परवान्याला २०० तासांचं उड्डाण लागतं. आपल्याकडे गोंदियाजवळ बिरसीला आणि उत्तर प्रदेशात रायबरेलीजवळ फुरसतगंजला मोठ्या प्रशिक्षण संस्था आहेत. परवान्यापर्यंतचा खर्च साधारण ४५ ते ६० लाख. तो हातात आला म्हणजे नोकरी लागली असं नाही. एअरबस ३२० किंवा बोइंग ७३७ अशा ठरावीक विमानाचं 'टाइप रेटिंग' वेगळं करावं लागतं, त्याचे पंधरा-वीस लाख वर. मग फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक म्हणून लागलात तर उड्डाणाच्या तासांप्रमाणे महिन्याला दीड ते अडीच-तीन लाख. ८ लाख हा कॅप्टनचा आकडा. तिथे पोचायला हजारो तासांचं उड्डाण आणि वरचा परवाना लागतो, म्हणजे पहिल्या नोकरीनंतरही बरीच वर्षं.

आता कर्जाचं बघा. ६० लाख, ११ टक्के, १५ वर्षं मुदत धरली तर हप्ता ६८ हजारांच्या घरात जातो. शिकतानाचं व्याज मुद्दलात मिळवलं की आणखी वर. आणि साडेसात लाखांच्या पुढच्या शैक्षणिक कर्जाला बँक सहसा तारण मागते. शेतजमीन ती बहुतेक घेत नाही, कारण ज्या सरफेसी कायद्याने बँका तारण ताब्यात घेतात त्यातून शेतजमीन वगळलेली आहे. घर किंवा बिनशेती प्लॉट लागतो. म्हणून तुमच्यासारख्याच्या डोक्यात थेट विकायचाच विचार येतो, हे मी टेबलापलीकडून कितीदा तरी ऐकलंय.

विमानाचा धंदाही कांद्यासारखाच, चढला की चढतो. २०२३ साली एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली, तेव्हा पायलट कमी पडणार अशी हाकाटी झाली, आणि ती अगदीच चुकीची नाही. पण एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज बंद पडली आणि मे २०२३ मध्ये गो फर्स्ट. कंपनी थांबली तरी बँकेचा हप्ता थांबत नाही. आपल्याकडे वैमानिकांत सुमारे १५ टक्के बायका आहेत, जगाच्या सरासरीपेक्षा कितीतरी जास्त, त्यामुळे 'मुलीला कसं जमेल' हा प्रश्न माझ्या मनातही येत नाही. प्रश्न पैशाचा आहे. मेहुण्यांनी फारच धरलं तर एवढंच करा: कुठेही एक रुपया भरायच्या आधी मान्यताप्राप्त डॉक्टरकडून क्लास टू आणि मग क्लास वन वैद्यकीय तपासणी. पैसे भरून झाल्यावर रंगांधळेपणा निघालेली एक फाइल माझ्या टेबलावर आली होती. ती अजून आठवते.

जहाजावरचा कॅप्टन. हा खर्चाच्या मानाने खूपच बरा रस्ता, आणि यादीतला आकडाही खरा: तेलाच्या किंवा गॅसच्या मोठ्या टँकरवर कॅप्टनला महिन्याला १० ते १४ हजार डॉलर मिळतात. मात्र हे पैसे जहाजावर असतानाचे. करार चार-सहा महिन्यांचा असतो, घरी असलेल्या महिन्यांचे बहुतेक ठिकाणी काही नाही. म्हणून बारांनी नाही, सात-आठांनी गुणा. परदेशी जहाजांवर वर्षातले पुरेसे दिवस देशाबाहेर काढले की या कमाईवर इथे आयकर लागत नाही, ही मात्र मोठी गोष्ट आहे. माझा भाचा सेकंड इंजिनियर आहे. त्याच्या मुलीचा पहिला वाढदिवस त्याने व्हिडिओ कॉलवर पाहिला, तोही नेट तुटत तुटत.

रस्ता असा: इंडियन मेरीटाइम युनिव्हर्सिटीची सीईटी ही प्रवेश परीक्षा, बारावीला फिजिक्स-केमिस्ट्री-गणितात ६० टक्के, एक वर्ष डिप्लोमा, मग १८ महिने कॅडेट, म्हणजे शिकाऊ उमेदवार म्हणून जहाजावर, तिथे महिन्याला काहीशे डॉलर, मग परीक्षा. थर्ड ऑफिसर झालं की अडीच-साडेतीन हजार डॉलर. फसगत कॅडेटच्या टप्प्यावर होते. डिप्लोमा झाला पण जहाजच मिळालं नाही अशी मुलं घरी बसलेली असतात, आणि त्यांच्याभोवती 'पाच लाख द्या, जहाजावर चढवून देतो' म्हणणारे एजंट घिरट्या घालतात. शिपिंग कंपनीचं प्रायोजकत्व आधी, फी नंतर. आणि एजंटकडे डायरेक्टर जनरल ऑफ शिपिंगचा परवाना आहे का, ते त्यांच्या संकेतस्थळावर स्वतः बघायचं, एजंटच्या मोबाइलवर नाही.

डॉक्टरकीचं वहिनींना एवढंच सांगा. सरकारी कॉलेज मिळालं तर एमबीबीएस आजही पैशाला पैसा देणारं शिक्षण आहे, पण साडेपाच वर्षं, त्यानंतर वर्षाची सक्तीची सेवा, ती न दिल्यास १० लाख दंड, मग नीट पीजी ही पुढच्या प्रवेशाची परीक्षा, मग पदव्युत्तर शिक्षणाची तीन वर्षं. सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याचं मूळ वेतन ५६,१०० पासून सुरू होतं. ५ लाखवाला सर्जन पस्तिशीच्या पुढचा असतो. खासगी कॉलेजला वर्षाला सात ते पंधरा लाख, अभिमत विद्यापीठात त्याहून पुष्कळ जास्त. आणि हे सगळं रक्त न बघवणाऱ्या मुलीकडून? नको. इथेच थांबते.

आयटीतल्या १ कोटीवर जरा जास्त बोलते, कारण या आकड्याने महाराष्ट्रातल्या जितक्या घरांची झोप उडवलीय तितकी दुसऱ्या कशाने नाही. ही बातमी दर डिसेंबरमध्ये येते. तो १ कोटी बहुधा परदेशातल्या नेमणुकीचा असतो, किंवा त्यातला मोठा भाग कंपनीच्या शेअरचा, जो चार वर्षांत थोडाथोडा हातात येतो. पवईच्या आयआयटीचं २०२३-२४ चं बघा: कॅम्पसमधला सरासरी वार्षिक पगार साडेतेवीस लाख, आणि त्याच वर्षी त्याच दारातून दहा जण ४ ते ६ लाखांवर बाहेर पडले. ही देशातल्या सगळ्यात नावाजलेल्या कॉलेजची गोष्ट. नाशिक-पुण्याच्या साध्या कॉलेजमधून मोठ्या सेवा कंपन्यांत जाणाऱ्या मुलांना ३.३६ किंवा ३.६ लाख मिळतात, आणि हा आकडा दहा-बारा वर्षं जवळजवळ जागचा हललेला नाही. डिझेल किती हललं ते तुम्ही जाणता.

त्या ३.६ लाखांची पट्टी अशी: कागदावर महिना ३० हजार. त्यातून कंपनीचा पीएफचा वाटा, ग्रॅच्युइटीची तरतूद, विम्याचा हप्ता आणि 'कामगिरीवर अवलंबून' असलेली रक्कम बाजूला जाते, मग मुलीचा स्वतःचा पीएफ. हातात २४-२५ हजार. पुण्यात कॉटबेसिसवर राहणं आणि मेस धरून दहा-बारा हजार गेले की उरलं काय ते तुम्हीच बघा. पण याची दुसरी बाजू पण आहे. ज्यांना काम खरंच येतं त्यांचा पगार पहिल्या दोन-तीन वर्षांनंतर नोकरी बदलताना उडी मारतो. पंचविशीत ७-८ लाख, तिशीला १२ ते १८ लाख ही माणसं मी भरपूर पाहिली, आणि त्यांच्यावर कर्ज नव्हतं किंवा कधीच फिटलं होतं. ज्यांनी कॉलेजात प्रोग्रॅमिंग पाठ करून पेपर दिले, ती ३.६ वरून ५ वर यायलाही धडपडतात. आणि अलीकडे या कंपन्यांची भरतीही आखडती झालीय.

सीए. याची फी ऐकून लोकांचा विश्वास बसत नाही. क्लास सोडला तर सीएची परीक्षा घेणाऱ्या संस्थेची नोंदणी आणि परीक्षा मिळून लाखाच्या आत. सायन्सवाल्यांनाही चालतं. २०२३ च्या नव्या रचनेपासून आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, तीनऐवजी दोन वर्षांची झालीय, त्या काळात मिळणारा भत्ता म्हणजे चहापाणी आणि लोकलचा पास. पास होऊन संस्थेच्या कॅम्पसमधून लागणाऱ्यांना सरासरी वर्षाला १२ लाखांच्या आसपास मिळतात. ३० लाख हा दहा वर्षांनंतरचा, चांगल्या जागेवरचा आकडा. मेख एकच: फायनलचा निकाल पुष्कळदा वीस टक्क्यांच्याही खाली असतो. कुणी तेविसाव्या वर्षी सीए होतं, कुणी अठ्ठाविसाव्या, कुणी होतच नाही. पैसे बुडत नाहीत, वर्षं बुडतात.

आणि वर्षांवरूनच डेप्युटी कलेक्टर. मूळ वेतन ५६,१००, महागाई भत्ता आणि घरभाडं धरून आज एकूण पगार लाखाच्या आगेमागे. दीड लाख काही वर्षांनी. पगार चांगला, मान त्याहून मोठा, तालुक्यात गाडी फिरते, हे मी नाकारत नाही. पण अर्ज लाखांत आणि काही जाहिरातींत उपजिल्हाधिकाऱ्यांची पदं दहाच्या आत. या परीक्षेसाठी पुण्यात सदाशिव पेठेत खोली करून राहणाऱ्या मुलामुलींची गोष्ट कांदाचाळीत साठवलेल्या उन्हाळ कांद्यासारखी होते. भाव वाढेल म्हणून ठेवलेला असतो, आणि आतमध्ये सड आणि घट रोज चालू असते. खाली पीएसआय, राज्यकर निरीक्षक ही ३८,६०० मूळ वेतनाची पदंही चांगलीच आहेत, त्यांना कमी लेखू नका. फक्त पदवी अशी घ्यायची की दोन प्रयत्नांत जमलं नाही तर तिच्यावर पोट भरता यावं. नुसती परीक्षेपुरती पदवी घेतलेल्यांना मी गृहकर्ज देऊ शकले नाही, कारण तिशी उलटली तरी पगाराची पावतीच नव्हती.

आता तुमचा प्रश्न, स्पष्ट. आयटीतला तो १ कोटी बाजूला ठेवला तर शिखरावरचा सगळ्यात मोठा पगार यादीतल्या दोन कॅप्टनांचाच: विमानाचा आणि जहाजाचा. पण साडेचार एकरवाल्या घराने, कर्ज न करता, तिशीपर्यंत घरी पैसा येऊ लागेल असं काही शोधायचं तर माझा कौल गणितावर उभ्या असलेल्या कामांना आहे. त्यात मुलीची पेन्सिलीतली ओळही बसते.

पहिला रस्ता सगळ्यांना माहीत असलेला: एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा आणि कॉम्प्युटर इंजिनियरिंग, पण कॉलेज चांगलं, आणि चार वर्षं खरंच शिकायची तयारी. इथे एक गोष्ट मेहुण्यांनी सांगितली नसेल. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिकवणी आणि परीक्षा शुल्क शासनाने शंभर टक्के माफ केलंय. प्रवेश शासनाच्या केंद्रीय फेरीतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्याला किंवा अभिमत विद्यापीठाला हे लागू नाही. तुम्ही यातल्या कुठल्या गटात बसता ते पत्रात नाही. बसत असाल तर उत्पन्नाचा दाखला आणि जातीची कागदपत्रं दिवाळीच्या आत करून ठेवा. जूनमध्ये सेतू केंद्रावर जी रांग लागते तिच्यात उभं राहून प्रवेशाची तारीख चुकलेली माणसं दरवर्षी असतात. राहण्याचा खर्च उरतोच. त्यासाठी पंजाबराव देशमुखांच्या नावाची वसतिगृह निर्वाह भत्त्याची योजना आहे, तिचाही अर्ज प्रवेशानंतर लगेच करायचा.

दुसरा रस्ता कमी लोकांना ठाऊक आहे. कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था. तिथला बी.स्टॅट. म्हणजे संख्याशास्त्राचा अभ्यासक्रम, शिकवणी शुल्क नाही, उलट मुलांनाच महिन्याला ५ हजार विद्यावेतन मिळतं. प्रवेश परीक्षा मे महिन्यात, अर्ज त्याआधी दोन-तीन महिने. परीक्षा अवघड आहे, पाठांतराने होत नाही, पण गणितात खरंच रमणाऱ्या मुलीने ती दिलीच पाहिजे. नाही लागला नंबर तर पुण्यात संख्याशास्त्रात बी.एस्सी. करूनही बँका, विमा कंपन्या, डेटाची कामं यांत जाता येतं. विमा कंपन्यांना जोखमीचं गणित मांडायला लागणाऱ्या अ‍ॅक्च्युअरी नावाच्या तज्ज्ञांची वेगळी परीक्षा असते. बारावीनंतर तिच्या प्रवेश परीक्षेला बसता येतं, पुढचे पेपर नोकरी करत देता येतात, आणि एकेक सुटला की पगार चढतो. क्षेत्र लहान आहे. पण त्यात गर्दीही कमी आहे.

सीए तिसरा, आणि तो तिला हिशेब आवडत असतील तरच. गणित आवडणं आणि हिशेब आवडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मला हिशेब आवडतात, गणितात मी काठावर पास व्हायचे.

एकराबद्दल: विकू नका. वरच्या तीन रस्त्यांपैकी एकालाही तो लागत नाही. सगळ्या सवलती हुकल्या आणि तरीही चांगल्या कॉलेजला पैसे कमी पडले तर साडेसात लाखांपर्यंत सहसा तारण लागत नाही. निवडक नावाजलेल्या संस्थांसाठी २०२४ पासून पीएम विद्यालक्ष्मी योजनेत बिनतारण, बिनजामीन कर्ज मिळतं, आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिकत असतानाच्या काळात व्याजात ३ टक्के सवलतही. १० लाखांचा १० टक्क्यांनी १० वर्षांचा हप्ता १३ हजार २०० च्या आसपास येतो. हा हप्ता बेताच्या नोकरीतही ओढत-ताणत निघतो. ६८ हजारांचा निघत नाही.

मेहुण्यांना दुखवायची गरज नाही. त्यांना म्हणा, त्या यादीत प्रत्येक ओळीपुढे तीन रकाने भरून द्या: लागेपर्यंत खर्च किती, पहिला पगार कितव्या वर्षी, आणि मधल्या माणसाला काय मिळतं. ते भरतीलही, नाशिकला ओळखी आहेत त्यांच्या.

आणि पेन्सिलवाली, आता तुझ्याशी. बायोलॉजी सोडायची की नाही याची घाई करू नकोस, गुण चांगले पडत असतील तर राहू दे. पण रोज एक तास असा काढ की ज्यात परीक्षेला येणार नाही असं एखादं गणित सोडवशील. पुढचं पत्र तुझ्या हातचं येऊ दे, पेनने लिहिलेलं. त्यात एवढं कळव, की संभाव्यता जास्त आवडते, भूमिती की बीजगणित, आणि एखादं गणित दोन दिवस सुटलं नाही तर तू काय करतेस.